टेकडी-डायरी, अपडेट ७: हिवाळ्यात नवरंग!

सापडला! टेकडीवरच्या पक्ष्यांच्या माझ्या वेबपानातला बग (कोडमधली चूक). चार रविवार खाल्ले त्याने, पण सापडला.

मागचं वाचलेल्यांना आठवत असेल, ऋतूचं बटण दाबलं की आपला कंपोनंट (पानातला एक स्वतंत्र तुकडा) त्या ऋतूची पक्ष्यांची यादी फेच करतो (सर्व्हरवरून मागवतो) आणि स्वतःच्या पोटात टाकतो, एवढंच त्याचं काम. आणि मी अपडेट ६ मध्ये मोठ्या थाटात लिहिलं होतं की ॲबॉर्ट कंट्रोलर (चालू रिक्वेस्ट रद्द करायची सोय) लावला, आता आधीची रिक्वेस्ट मागून येऊन नव्या यादीवर बसणार नाही, विषय संपला. कसला संपतोय.

पुण्यात वेताळ टेकडीवर रोज भेटणारे एक काका आहेत, त्यांनी खाणीपाशी उभं राहून फोनवर डायरी उघडली, आधी पावसाळा दाबलं, लगेच हिवाळा दाबलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, हिवाळ्यात नवरंग दाखवतोयस, पक्षी चुकला का तू?" बघतो तर वर हिवाळ्याचं बटण ठळक आणि खाली यादी पावसाळ्याची. पावसाळ्यातला नवरंग मजेत बसलेला.

घरी येऊन शंभर वेळा केलं, होईना. घरी फायबर आहे, तिथे काय होणार म्हणा. मग डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधली कोड तपासायची हत्यारं) नेट स्लो केलं, तरी नाही. (हे थ्रॉटलिंग अशा बगला फार कामाचं नाही असं माझं मत झालंय, ते सगळ्यांनाच सारखं हळू करतं, रांग तीच राहते.) मग घरच्या सर्व्हरवर पावसाळ्याच्या फाइलला मुद्दाम ४ सेकंद थांबवलं, तर ॲबॉर्ट अगदी शहाण्यासारखा चालला, रिक्वेस्ट लाल (म्हणजे रद्द), हिवाळा जागेवर. म्हणजे माझा कोड बरोबर आणि काकांचा फोन चूक?? दोन रविवार मी खरंच हेच धरून बसलो होतो.

शेवटी स्वतः खाणीपाशी जाऊन बसलो. तिथे दिसलं की यादीचा मजकूर पटकन येतो, फोटो मात्र रखडतात. तिथेच ट्यूब पेटली. घरी येऊन पावसाळ्याच्या यादीऐवजी पावसाळ्याच्या फोटोंना ४ सेकंद लावले, पहिल्या फटक्यात नवरंग हजर. एवढा आनंद खरा नवरंग दिसल्यावर पण झाला नव्हता.

तर भानगड अशी. यादी आली की मी ती आधी हवेतल्या (अजून पानात न लावलेल्या) एका डिव्हमध्ये, म्हणजे रिकाम्या चौकटीत टाकतो, फोटोंच्या डिकोडसाठी (फोटो दाखवायला तयार होईपर्यंत) अवेट करतो, म्हणजे थांबतो, आणि मगच पानात लावतो, म्हणजे पान उड्या मारत नाही. आता तोवर फेच कधीच पूर्ण झालेलं असतं, मजकूरही वाचून झालेला असतो. नंतर ॲबॉर्ट मारला तरी मारायला उरलंय काय? डिकोडला त्या सिग्नलचा (कंट्रोलरच्या 'रद्द' या निरोपाचा) पत्ताच नाही. ते सावकाश संपतं आणि जुना पावसाळा नव्या हिवाळ्यावर येऊन बसतो. उपाय एका ओळीचा निघाला, प्रत्येक अवेटनंतर सिग्नलवर थ्रो-इफ-ॲबॉर्टेड (रद्द झालं असेल तर तिथेच थांब). शिवाय एक जरी फोटो तुटका असला तरी डिकोड रिजेक्ट होतं, म्हणून ऑलच्या (एक फसलं की सगळं फसलं) जागी ऑल-सेटल्ड (फसो वा जमो, सगळ्यांचं आटपेपर्यंत थांब).

त्याच्याच शेपटाला दुसरा बग निघाला. मेलेल्या रिक्वेस्टचं फायनली (काही झालं तरी शेवटी चालणारा कोड) पण चालतंच ना, ते जाताजाता नव्या रिक्वेस्टचं "लोड होतंय" पुसून जायचं. आता आधी बघतो की चालू कंट्रोलर माझाच आहे का, असेल तरच पुसतो. ते लुकलुकणं थांबलंय, कुणाला दिसणार नाही पण मी दहा वेळा बघून घेतलं.

बाकी किरकोळ. फाइलचं नाव चुकलं तर होस्टिंगवाल्याचं ४०४ चं (फाइल सापडली नाही) अख्खं पान यादीच्या जागी येऊन बसत होतं, कारण फेच ४०४ ला एरर मानतच नाही, रिस्पॉन्स ओके आहे का ते आपणच बघायचं. आणि कंपोनंटच्या टॅगचं (पानाच्या कोडमधली त्याची खूण) नाव मराठीत ठेवायचा हट्ट होता, तर मधे हायफन लागतो हे ठीक, पण पहिलं अक्षर ए ते झेडमधलंच हवं, त्यापुढे देवनागरी चालते. म्हणजे नावाला टोपी इंग्रजी. राहू दे.

फ्रेमवर्क (तयार कोडचा मोठा सांगाडा) घे म्हणणाऱ्यांना परत एकदा नमस्कार, कोथिंबिरीच्या जुडीसाठी टेम्पो सांगत नाही मी.

पुढे जुन्या वर्षांच्या याद्या स्क्रोल करत जवळ गेल्यावरच आणायच्या, इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर (एखादा भाग पडद्याजवळ आला की कळवणारी ब्राउझरची सोय) लावून, ३०० पिक्सेल आधीपासून... थांबा. हे लिहिताना आत्ता डोक्यात आलं, फोटोंच्या टॅगवर विड्थ-हाइट लिहिली तर ब्राउझर जागा आधीच राखून ठेवतो, पान उडी मारतच नाही, मग डिकोडसाठी थांबायचंच कशाला? म्हणजे ज्या ओळीने चार रविवार खाल्ले ती ओळच नको होती. च्यायला. ऑब्झर्व्हर पुढच्या वेळी, आधी ८६ फोटोंची मापं काढायला स्क्रिप्ट लिहितो. थ्रो-इफ-ॲबॉर्टेड मात्र काढणार नाही.

काकांना मेसेज टाकला, नवरंग हिवाळ्यातून हाकलला म्हणून. उत्तर आलं, "छान. थिरथिऱ्याचा फोटो मादीचा आहे, खाली नर लिहिलंयस."