एकट्याचा स्वयंपाक, आठवडा सहावा: चौघांच्या मापाला चारने भागून काही होत नाही

मंडळी, या आठवड्यात पिठल्यावरच अडकलो होतो. घरचं माप म्हणजे चौघांना एक वाटी बेसन आणि चार वाट्या पाणी, म्हणून मी आपलं पाव वाटी बेसन, एक वाटी पाणी असा सरळ भागाकार केला आणि पिठलं दोन्ही वेळा घट्ट गोळा झालं. मग लक्षात आलं की कढई तीच मोठी पसरट होती ना, पाणी उडतं ते भांड्याच्या तोंडाप्रमाणे आणि वेळेप्रमाणे, थोडं घातलं म्हणून थोडं उडत नाही. तिसऱ्या वेळी सव्वा वाटी पाणी घेतलं आणि झाकण ठेवलं, मस्त जमलं!

फोडणीचंही तेच. एक चमचा तेल मोठ्या कढईत पसरून जातं, मोहरी तेलात बुडतच नाही, अर्धी तडतडते अर्धी कच्ची राहते आणि तोवर जिरं काळं. शनिवारी भांडी बाजारात जाऊन छोटं लोखंडी कढलं घेतलं, आता तेवढ्याच तेलात मोहरी छान फुटते. एकट्यासाठी रांधणाऱ्यानं पहिली खरेदी हीच करावी असं माझं ठाम मत झालंय, नॉनस्टिक वगैरे नंतर.

कुकर मात्र पाच लिटरचाच आहे. वरण-भात वाट्यांमध्ये लावतो, पाव वाटी तूरडाळ आणि अर्धी वाटी तांदूळ, पण खालचं पाणी कमी करायचं नाही हां, कारण वाफेनं कुकर तेवढाच भरायचा असतो आणि डाळ शिजायला वेळही तेवढाच लागतो. डाळ अर्धा तास आधी भिजवली की शिट्ट्या कमी लागतात, गॅस वाचतो.

बुधवारी गोदाकाठच्या बाजारात गेलो. थंडी पडलीये, मेथी काय हिरवीगार आलीये! पण जुडी एवढी मोठी की एकट्यानं किती दिवस मेथीच खायची? अर्धी जुडी कुणी देत नाही. मग आल्याआल्या निवडली, न धुता सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली, पहिल्या दिवशी लसूण घालून परतून, दुसऱ्या दिवशी मूगडाळ घालून, उरलेली मूठभर पिठल्यात. रविवारपर्यंत एक पानही टाकावं लागलं नाही, याचा मला फार आनंद झालाय.

कणकेचा प्रश्न अजून सुटलेला नाही, तेलाचा हात लावून घट्ट डब्यात ठेवली तरी दुसऱ्या दिवशी काळपट पडते, चव ठीक असते पण पोळी बघवत नाही. म्हणून आता बाजरीच्या भाकरीवर येतोय, ते पीठ तसंही ऐनवेळी एका भाकरीपुरतंच मळायचं असतं. काल दोन थापल्या, एक फुगली, दुसरी उचलतानाच तुटली, बहुतेक पाणी गरम घ्यायला हवं होतं. आज रात्री उकळतं पाणी घेऊन बघतो. एका भाकरीला पिठाचं नेमकं माप कुणाकडे असेल तर सांगा, मी सध्या पाऊण वाटी घेतोय.