उडीच्या शर्यतींचे कार्ड वाचताना: सँडाउनचा माझा अनुभव

लंडनच्या नैर्ऋत्येला राहणाऱ्या आमच्या काही मराठी कुटुंबांनी मार्च महिन्यात सँडाउन पार्कच्या रेसकोर्सवर एकत्र जायचे ठरवले, तेव्हा प्रत्येक शर्यतीतील घोड्यांची माहिती आणि संभाव्य विजेते यांचे एक पानी टिपण आदल्या रात्री सर्वांना पाठवण्याचे काम माझ्याकडे आले. कारण एवढेच, की तरुणपणी मी मामांबरोबर महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर नियमितपणे जात असे. ते ज्ञान उडीच्या शर्यतींना फारसे लागू पडणार नाही, हे मी सांगून पाहिले, परंतु “अहो, घोडे ते घोडेच ना!” या उत्तरापुढे इलाज नव्हता.

महालक्ष्मीला आम्ही प्रथम पाहत असू त्या सकाळच्या सरावाच्या वेळा, मग सुटण्याच्या गेटचा क्रमांक आणि मग जॉकी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी येथे नसतातच. उडीच्या शर्यतीत घोडे गेटमधून सुटत नाहीत. ते ताणलेल्या पट्ट्यामागे फिरत फिरत रांगेत येतात आणि पट्टा उडाला की निघतात, त्यामुळे आतली जागा मिळाली की बाहेरची, हा प्रश्न उरत नाही. सरावाच्या वेळाही छापून येत नाहीत. मात्र प्रत्येक घोड्याचा पूर्वेतिहास भरपूर सापडतो, कारण येथील बहुतेक घोडे खच्ची केलेले असल्याने त्यांना पैदाशीसाठी लवकर निवृत्त करण्याचे प्रयोजन नसते आणि दहा-अकरा वर्षांचा घोडाही जोमाने धावताना दिसतो. अडथळेही दोन प्रकारचे असतात. हर्डल हा किमान साडेतीन फूट उंचीचा, टाप लागली तर मागे वाकणारा हलका अडथळा असतो. चेसमधील फेन्स मात्र किमान साडेचार फूट उंचीचे, बर्चच्या काटक्यांचे घट्ट रचलेले कुंपण असते आणि त्यावर आदळलेला घोडा सहसा काहीतरी गमावतोच. एकाच घोड्याची हर्डलमधील आणि चेसमधील कामगिरी वेगवेगळी मांडावी लागते, हा पहिला धडा मला कार्यालयातील एका ज्येष्ठ इंग्रज सहकाऱ्याने दिला होता. ते गृहस्थ चाळीस वर्षे शर्यती पाहत आलेले असून, त्यांच्या मते विजेता शोधणे हा या खेळातला शेवटचा टप्पा आहे. त्याआधी प्रत्येक घोडा हरण्याचे कारण शोधायचे आणि ज्याला कारण सापडत नाही तो शिल्लक ठेवायचा. मी हीच पद्धत स्वीकारली.

उडीच्या शर्यतींसाठी धावणाऱ्या घोड्यांची अंतिम नावे साधारणतः आदल्या दिवशी सकाळी दहापर्यंत निश्चित होतात. शनिवारच्या शर्यतींसाठी म्हणजे खरे काम शुक्रवारी दुपारनंतरच करता येते. मी ‘रेसिंग पोस्ट’ हे शर्यतींचे दैनिक विकत घेतले, शर्यतींचे जुने चित्रीकरण पाहण्याची सोय करून ठेवली आणि जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो.

सुरुवात जमिनीपासून केली. मैदान किती मऊ किंवा कडक आहे, याला येथे ‘गोइंग’ म्हणतात आणि कडक ‘फर्म’पासून मधल्या ‘गुड’ आणि ‘सॉफ्ट’मार्गे चिखलाच्या ‘हेवी’पर्यंत त्याच्या पायऱ्या आहेत. सँडाउनला चेसचा आणि हर्डलचा मार्ग वेगळा असल्यामुळे दोन्हींची स्थिती स्वतंत्रपणे जाहीर होते, आणि दोन्ही एकसारख्या असतीलच असे नाही. त्या शुक्रवारी हर्डलचा मार्ग ‘सॉफ्ट’ होता, चेसचा त्यापेक्षा थोडा कोरडा होता आणि रात्री पावसाची शक्यता होती. ज्या घोड्यांची सगळी चांगली कामगिरी ‘गुड’ जमिनीवरची होती त्यांच्या नावांपुढे मी पेन्सिलीने फुली मारली. एवढ्यानेच यादी बरीच कमी झाली. तीन मैल चिखलातून धावणे आणि तीन मैल कोरड्या गवतावरून धावणे या दोन निराळ्या परीक्षा आहेत, आणि घोड्याचे टाप व चाल यांवरून त्याला कोणती जमेल हे बहुधा ठरते.

त्यानंतर मैदानाची रचना. माझ्या मते सँडाउनच्या चेसचा निकाल इतर कशाहीपेक्षा हिच्यावर अवलंबून असतो. मैदान उजवीकडे वळणारे आहे. समोरच्या बाजूला रेल्वेमार्गाला समांतर असा जो लांब सरळ पट्टा आहे त्यावर सात कुंपणे आहेत, आणि त्यांतील शेवटची तीन इतकी जवळजवळ आहेत, की पहिल्याला घोड्याचे पाऊल बरोबर पडले तर तो तिन्ही एका लयीत ओलांडतो, आणि पहिल्याला चुकले तर सावरायला जागाच उरत नाही. यांना ‘रेल्वे फेन्सेस’ म्हणतात. त्यांच्यानंतर वळण, मग तळ्याजवळचे ‘पॉण्ड फेन्स’, मग शेवटची दोन कुंपणे आणि त्यांच्याही पुढे विजयरेषेपर्यंत चढ. दोन मैलांच्या चेसमध्ये एकूण तेरा कुंपणे येतात. तेव्हा वेगात, आणि तरीही न गडबडता उडी मारणारा घोडा हवा, शिवाय चढावर त्याच्यात दम उरलेला हवा.

उजव्या वळणाचा आणखी एक परिणाम मला चित्रीकरण पाहताना लक्षात आला. काही घोडे उडी मारताना दर वेळी थोडे डावीकडे सरकतात. चेल्टनहॅम, एन्ट्री, न्यूबरी किंवा हेडॉक या डावीकडे वळणाऱ्या मैदानांवर ही सवय खपून जाते. सँडाउन, केम्प्टन, अॅस्कॉट यांसारख्या उजव्या मैदानांवर मात्र असा घोडा प्रत्येक कुंपणाला बाहेर फेकला जातो आणि थोडे थोडे अंतर गमावत राहतो. तीन मैलांच्या हँडिकॅप चेसमध्ये, म्हणजे सरस घोड्याला जास्त वजन देऊन बरोबरी साधणाऱ्या शर्यतीत, ज्या आठ वर्षांच्या कुमाईत घोड्याला सर्वांत कमी भाव होता, म्हणजे जिंकण्याची सर्वांत जास्त शक्यता मानली जात होती, त्याचे सगळे विजय डाव्या मैदानांवरचे होते आणि त्याच्या मागील दोन शर्यतींच्या वृत्तान्तांत ‘डावीकडे उडी मारली’ असा उल्लेख होता. मी त्याला पहिल्या दोघांतून वगळले. हा निर्णय घेताना मला थोडी धास्ती वाटली, कारण तमाम पत्रकार त्याच्याच बाजूने होते.

कार्डावर, म्हणजे शर्यतींच्या छापील माहितीपत्रकावर, घोड्याच्या नावाआधी जे आकडे आणि अक्षरे असतात ती उजवीकडून वाचावी लागतात. शेवटचे चिन्ह सर्वांत ताज्या शर्यतीचे. आकडा म्हणजे कितवा आला, ‘एफ’ म्हणजे पडला, ‘यू’ म्हणजे जॉकी खाली आला, ‘पी’ म्हणजे जॉकीने शर्यत अर्धवट थांबवली. मधली आडवी रेघ म्हणजे हंगाम बदलला. आमच्या मंडळींपैकी पुष्कळांना ‘पी’ दिसला की घोडा वाईट वाटतो. परंतु थकलेल्या किंवा हरलेल्या घोड्याला उगाच पुढच्या कुंपणावर न नेणारा जॉकी शहाणपणानेच वागलेला असतो, आणि ती शर्यत ‘हेवी’ जमिनीवर झाली असेल तर त्या ‘पी’ला ‘गुड’ जमिनीवर काहीच अर्थ नसतो. तसेच पहिल्याच कुंपणावर पडलेला घोडा आणि शेवटच्या कुंपणावर आघाडीवर असताना पडलेला घोडा यांच्यापुढे अक्षर एकच असते. म्हणून ‘एफ’ दिसला, की मी चित्रीकरण पाहूनच पुढे गेलो. श्वासनलिकेची शस्त्रक्रिया झालेल्या घोड्याची माहिती २०१८ पासून जाहीर करावी लागते आणि ती कार्डावर दिसते. अशा घोड्याची शस्त्रक्रियेनंतरची पहिली शर्यत मी वेगळी नोंदवून ठेवली.

वजनाचा हिशोब मला जुन्या सवयीने सोपा गेला, कारण हँडिकॅपचे तत्त्व मुंबईतही तेच आहे. घोड्याला मिळालेल्या रेटिंगमधला एक गुण म्हणजे पाठीवरचा एक पौंड. १३० रेटिंगचा घोडा १२० च्या घोड्याला दहा पौंड देतो. शिकाऊ जॉकी असेल तर त्याच्या अनुभवानुसार तीन, पाच किंवा सात पौंडांची सवलत मिळते, आणि मऊ जमिनीवर लांब अंतराला ही सवलत, जॉकी हुशार असेल तर, फार मोलाची ठरते. अशा एका जॉकीची कामगिरी मी मुद्दाम तपासली आणि त्याच्या घोड्याला चेसमध्ये दुसऱ्या क्रमांकावर ठेवले. त्या घोड्याला प्रथमच गालपट्ट्या लावल्या जाणार होत्या. गालपट्ट्यांनी लक्ष एकाग्र होते असे म्हणतात. माझ्या मते ते पहिल्या एक-दोन शर्यतींपुरतेच खरे असते.

सर्वांत अवघड काम होते इम्पीरियल कपचे. १९०७ पासून चालत आलेली ही दोन मैलांची हँडिकॅप हर्डल सँडाउनच्या त्या शनिवारची मुख्य शर्यत असते आणि ती चेल्टनहॅमच्या मार्चमधील चार दिवसांच्या मोठ्या शर्यत-महोत्सवाच्या तोंडावर येते. त्यामुळे ट्रेनरच्या मनात काय आहे, हा प्रश्न जमीन आणि वजन यांच्याइतकाच मोठा होतो. काही ट्रेनर आपले उत्तम घोडे चेल्टनहॅमसाठी राखून ठेवतात आणि येथे दुसऱ्या फळीतला घोडा पाठवतात. काही जण मुद्दाम चांगला घोडा आणतात, कारण ही शर्यत आणि पाठोपाठ चेल्टनहॅमची एखादी शर्यत जिंकणाऱ्या घोड्याला अनेक वर्षी मोठे बक्षीस जाहीर झालेले आहे. चेल्टनहॅमलाही नाव दिलेल्या एका घोड्यापुढे मी ‘राखून धावण्याची शक्यता’ असा शेरा लिहिला. सोळाहून अधिक घोडे धावणार असल्यामुळे या शर्यतीत एकच नाव देणे मला पटेना. अशा हँडिकॅपमध्ये ‘ईच वे’ (अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर) लावल्यास पहिल्या चारांत येणाऱ्या घोड्यावर एक चतुर्थांश भावाने पैसे मिळतात, म्हणून मी चार नावे दिली आणि प्रत्येकापुढे एका वाक्यात कारण लिहिले.

भाव मी सर्वांत शेवटी पाहिले, आणि हे जाणीवपूर्वक केले. आधी प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता टक्क्यांत लिहायची, शर्यतीची बेरीज शंभर करायची आणि मगच बुकींचे आकडे उघडायचे, असा क्रम ठेवला. चारास एक भाव (एक पौंड लावून जिंकल्यास चार पौंडांचा फायदा) म्हणजे वीस टक्के, तिनास एक म्हणजे पंचवीस. माझ्या हिशोबाने वीस टक्के असलेल्या घोड्याला बाजारात आठास एक भाव असेल, तर तो लावण्याजोगा. तोच घोडा दोनास एक असेल, तर तो जिंकू शकत असला तरी त्या भावात परवडत नाही. संभाव्य विजेता आणि लावण्याजोगा घोडा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे टिपणात स्पष्ट करण्यासाठी मी दोन स्वतंत्र रकाने केले. प्रत्येकाने दिवसभरात किती रक्कम खर्च करायची हे घरूनच ठरवून यावे, अशी एक ओळही वर लिहिली.

दुसऱ्या दिवशी ईशर स्थानकावरून आम्ही चालत मैदानात पोहोचलो. रात्रीच्या पावसाने चेसचा मार्गही ‘सॉफ्ट’ झाला होता आणि दोन घोडे मागे घेतले गेले होते, त्यामुळे काही टक्के पुन्हा मांडावे लागले. सँडाउनचा पॅडॉक, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवण्याचे रिंगण, स्टँडच्या मागे आहे आणि घोडे तेथून ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडुपांमधल्या वाटेने मैदानावर जातात, म्हणून त्यांना दोनदा जवळून पाहता येते. कागदावर जे कळत नाही ते येथे दिसते: चाल मोकळी आहे का, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापलीकडे पडतो का, पुठ्ठे भरलेले आहेत का, मानेवर आणि मागच्या मांड्यांमध्ये घामाचा फेस आहे का. चेसमधला माझा पहिला पसंतीचा घोडा दोन मोतद्दारांना आवरत नव्हता आणि थंड हवेतही घामाने भिजला होता. दुसऱ्या पसंतीचा घोडा मान खाली घालून शांतपणे चालत होता.

“भावोजी, तुम्ही दोन्ही लिहिलेत, मग यातला नेमका कुठला?” असे एका वहिनींनी विचारले, तेव्हा मी पॅडॉक पाहून दुसऱ्याचे नाव सांगितले.

शर्यतीत तो कुमाईत फेवरिट अपेक्षेप्रमाणे प्रत्येक कुंपणाला डावीकडे गेला आणि तरीही तिसरा आला, यावरून तो घोडा किती चांगला असेल याची कल्पना यावी. माझा पहिला घोडा दुसऱ्या फेरीत रेल्वे फेन्सेसच्या पहिल्याच कुंपणाला चुकला, पुढच्या दोन्हींवर धडपडला आणि वळणावर त्याला थांबवण्यात आले. शिकाऊ जॉकीचा घोडा पॉण्ड फेन्सला चौथा होता. चढावर बाकीचे थकत गेले आणि हा एकाच गतीने वर येत राहिला. त्याचा भाव सातास एक होता.

इम्पीरियल कप मात्र त्याच घोड्याने जिंकला, ज्याच्यापुढे मी राखून धावण्याचा शेरा लिहिला होता. तो शेरा तसाच पुन्हा लिहीन, कारण हातात असलेल्या माहितीतून तोच निष्कर्ष निघत होता, आणि ट्रेनरच्या डोक्यात शिरण्याचा मार्ग कोणत्याही कार्डावर छापलेला नसतो. चार नावांपैकी एक तिसरे आले, त्यामुळे ‘ईच वे’ लावणाऱ्यांचे पैसे सुटले.

शेवटची शर्यत घोड्यांऐवजी केवळ घोड्यांच्या माद्यांची आणि अडथळ्यांविना होती. भविष्यात उडीच्या शर्यतींत उतरणाऱ्या तरुण घोड्यांसाठी असलेल्या अशा सपाट शर्यतींना येथे ‘बम्पर’ म्हणतात. बहुतेक माद्या एक-दोनदाच धावलेल्या होत्या, त्याही वेगवेगळ्या जमिनींवर, आणि उडीचा प्रश्नच नव्हता. म्हणजे ज्या आधारांवर मी आदली संध्याकाळ घालवली होती त्यांपैकी जवळजवळ एकही लागू पडत नव्हता. टिपणात त्या शर्यतीचे दोन्ही रकाने मी कोरे सोडले होते. मंडळींनी ते नावे पाहून भरले.