एएमला 2.4 चा फिल्टर लावलात तर घोंगडीच ऐकू येणार

सेकंडहँड रेडिओ रिसीव्हर घेतला तेव्हा विकणारा म्हणाला आत एसएसबीचा (सिंगल साइडबँड, हौशी रेडिओवाल्यांची बोलायची पद्धत) भारी फिल्टर आहे, म्हणजे हव्या त्या स्टेशनची तेवढीच पट्टी आत सोडणारा भाग, 2.4 किलोहर्ट्झ रुंद, आणि मी खूश, कारण अरुंद म्हणजे चांगला एवढंच तेव्हा डोक्यात. मग एएम, म्हणजे मीडियम वेव्ह-शॉर्टवेव्हचं नेहमीचं स्टेशन, लावलं तर माणूस घोंगडी पांघरून बोलतोय. स कुठला न् श कुठला कळेना, आणि पुण्यात राहून हे सहन करायचं म्हणजे!

आता एसएसबीला एकच साइडबँड, म्हणजे आवाजाची एकच पट्टी, असते, तिथे 2.4 पुरतो. एएमला मध्ये कॅरियर, म्हणजे स्टेशनची मूळ लहर, आणि दोन्हीकडे तोच आवाज, म्हणजे कॅरियर मधोमध ठेवला की 2.4 मधून प्रत्येक बाजूला जेमतेम 1.2 मिळतो. बोलणं 3 किलोहर्ट्झपर्यंत तरी हवं, म्हणून फिल्टर 6 चा. एवढं साधं गणित पण मला कळायला दोन महिने लागले.

मग 6 चा सिरॅमिक फिल्टर टाकला आणि आवाज मोकळा झाला. पण संध्याकाळी शॉर्टवेव्हला 5 किलोहर्ट्झवर शेजारचं स्टेशन असतं, त्याची बडबड आत यायला लागली. नुसत्या 6 या आकड्यावर जाऊ नका, ती रुंदी सिग्नल 6 डीबीने (डीबी म्हणजे सिग्नल किती उतरला त्याचं माप) उतरतो तिथली असते, 60 डीबीने उतरतो तिथे तोच फिल्टर किती रुंद होतो ते बघा, स्वस्तातले तिथे पार पसरतात.

गर्दीत मी 4 चा लावतो आणि मधोमध ट्यून न करता साधारण दीड किलोहर्ट्झ बाजूला सरकतो, ज्या बाजूला शेजारी नाही त्या बाजूला. तिकडचा साइडबँड साडेतीनपर्यंत मिळतो, दुसरा गेला तरी बिघडत नाही, आवाज दोन्हीत तोच ना. फक्त फार सरकू नका, कॅरियर कडेला कापला गेला की आवाज चिरका होतो.

अमेरिकेतले एएमवाले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, 7.290 मेगाहर्ट्झला जमतात, पण आपल्याकडे 7.2 च्या वर ब्रॉडकास्टवाल्यांचं राज्य, त्यामुळे इथे बसून ते ऐकायचं तर नेटवरचा तिकडचा एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर, उघडायचा. तिथे फिल्टरची कड माऊसने ओढता येते, सोल्डरिंग नाही काही नाही! 1950 च्या दशकातल्या आर-390ए या रिसीव्हरमध्ये तर 2, 4, 8, 16 चे मेकॅनिकल फिल्टर होते, नॉब फिरवला की झालं. जळतो मी.

माझ्या रिसीव्हरमध्ये फिल्टरची अजून एक जागा रिकामी आहे, तिथे 8 चा टाकीन म्हणतोय, दुपारी 792 किलोहर्ट्झवर पुणे आकाशवाणी ऐकायला.