आधी टायर, मग लिफ्ट

जिम्नी किंवा थार दारात आली की पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटची चौकशी सुरू होते. दोन इंचाचा लिफ्ट बसतो, मग उंच झालेल्या गाडीखाली मूळचे टायर बारीक दिसायला लागतात, म्हणून मोठे टायर येतात आणि ते घासले की पुन्हा काहीतरी कापाकापी. रोज हिंजवडीला जायचं, रविवारी वेल्ह्याकडे किंवा ताम्हिणीच्या आतल्या मुरमाच्या रस्त्यांवर उतरायचं, अशा गाडीसाठी हा क्रम उलटा आहे. टायर आधी ठरवा. लिफ्ट त्या टायरला लागेल तेवढाच.

कारण सरळ आहे. सस्पेन्शन लिफ्टने बॉडी वर जाते, चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल जागच्या जागी राहतो. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीत मधला उंचवटा घासतो तो दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या गोळ्याला, आणि तो गोळा वर उचलणारी एकच गोष्ट म्हणजे टायर. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आहे, थारला मागे. थारचं पुढचं डिफरन्शियल बॉडीबरोबर वर जातं, एवढाच फरक. लिफ्टचा खरा फायदा बंपरखालच्या कोनांना आणि पोटाखालच्या जागेला होतो. तोही कामाचाच, पण दुसऱ्या नंबरचा.

आकडे बघू. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), म्हणजे व्यास ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ घातला तर व्यास ७०३ होतो आणि अ‍ॅक्सल जेमतेम ५ मिमी उचलला जातो. हा साइज बोलेरोमुळे कुठेही मिळतो, गाडीच्या चालीत फरक जाणवत नाही आणि लिफ्टची गरजच पडत नाही. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३, म्हणजे अ‍ॅक्सल २० मिमी वर. दिसायला रुबाबदार, पण व्यास जवळपास सहा टक्के वाढला की प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो. १०५ पीएसच्या इंजिनाला चार माणसं घेऊन जुन्या कात्रज घाटात हे लगेच कळतं. तिसऱ्यात ओढत नाही आणि दुसऱ्यात किंचाळते. थारमध्ये ताकद भरपूर, त्यामुळे २४५/७५ आर १६ वरून २६५/७५ आर १६ किंवा २५५/६५ आर १८ वरून २५५/७० आर १८ हा तीन-चार टक्क्यांचा बदल पचतो. रोजच्या गाडीसाठी माझी मर्यादा तीन-चार टक्क्यांची. त्यापुढे गेलात तर गाडी रविवारसाठी उरते.

स्पीडोमीटरही त्याच प्रमाणात मागे पडतो. २३५ च्या टायरवर काटा ८० दाखवत असेल तेव्हा त्याच काट्याच्या मूळ हिशेबापेक्षा चाक ताशी साडेचार किमी जास्त धावत असतं. ओडोमीटरही कमी किलोमीटर मोजतो, म्हणून अ‍ॅव्हरेज काढताना १.०५८ ने गुणा, नाहीतर आहे त्याहून कमी पडल्यासारखं वाटतं.

टायर निवडताना रुंदीचा मोह टाळा. रुंद टायर चिखलावर तरंगतो, खाली कडक थराला पोचत नाही, आणि वळणावर आतल्या बाजूने घासतो. उंची वाढवा, रुंदी बेताची ठेवा. दुसरं म्हणजे एलटी (लाइट ट्रक) मार्कचा जाड थरांचा टायर. तो जड गाडीसाठी असतो. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला त्याने फक्त हाडं खिळखिळी होतात. मूळ टायरचा लोड इंडेक्स ९६ आहे, म्हणजे टायरमागे ७१० किलो. त्याच्या खाली जायचं नाही, फार वर जायचीही गरज नाही. पॅटर्न ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि माती दोन्हीसाठीचा. खास चिखलासाठीचा मड टेरेन ओल्या काँक्रीटवर ब्रेक लावताना घसरतो, आणि कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर पावसात त्याची परीक्षा घेऊ नये. बाजूच्या भिंतीवरचे तारखेचे चार आकडेही वाचा: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष.

टायर पाच घ्या. फोर व्हील ड्राइव्ह लावलेला असताना वेगळ्या व्यासाचा एक टायर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण आणतो. पाचवा टायर मागच्या दारावर बसतो. तो बंपरला टेकतोय का आणि दाराच्या बिजागरी वाढीव वजनाने वाजतायत का, हे त्याच दिवशी बघा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मुद्दा. लिफ्ट केला की टायरला जागा होते, असा सार्वत्रिक समज आहे. गाडी उभी असताना होते. पण चाक खड्ड्यातून वर आलं, स्प्रिंग पूर्ण दाबली गेली की चाक बंपस्टॉपला, म्हणजे त्याचं वर जाणं अडवणाऱ्या रबराला, टेकेपर्यंत वर जातं, आणि ते ठिकाण लिफ्टने बदलत नाही. म्हणून दोन इंच उचललेली गाडीही पहिल्याच मोठ्या आडव्या चरात मडगार्डमध्ये टायर घासते. उपाय म्हणजे बंपस्टॉप तेवढा खाली आणणे किंवा टायर लहान घेणे. तपासायला फार काही लागत नाही. चाकाच्या आतल्या प्लास्टिक लायनरला, बंपरच्या कोपऱ्याला आणि जिम्नीत अ‍ॅक्सल धरणाऱ्या रेडियस आर्मला खडूचा जाड थर फासा. एक पुढचं चाक उंच दगडावर किंवा रॅम्पवर चढवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, मग दुसऱ्या चाकाने तेच करा. खडू जिथे पुसला गेला तिथे टायर लागतो. काम करून घेणाऱ्या गॅरेजवाल्याला हे समोर उभं राहून करायला लावा, कंटाळा करेल तरी.

लिफ्ट किती? जिम्नीला ३० ते ४० मिमी, थारला २५ ते ३५. स्पेसर, म्हणजे स्प्रिंगवर बसवायची जाड चकती, हा स्वस्त मार्ग, भोसरीत लेथवर नायलॉनचे कापूनही मिळतात. पण ३० मिमीचा स्पेसर टाकला आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर मूळचाच ठेवला, तर चाकाची खाली लोंबायची जागा तेवढीच कमी होते. स्पीडब्रेकरवरून उतरताना 'टक्' असा आवाज येतो तो शॉक टोकाला जाऊन आपटल्याचा. पुण्यात दिवसाला किती स्पीडब्रेकर लागतात ते मोजा आणि शॉकच्या आयुष्याचा अंदाज बांधा. त्यापेक्षा उंच स्प्रिंग आणि तेवढेच लांब शॉक एका संचात घ्या. विंच नाही, लोखंडी बंपर नाही, तर स्प्रिंग मऊ किंवा मध्यम. जड स्प्रिंग रिकाम्या गाडीत नुसती उडवते.

थारमध्ये एक गणित विसरतात. पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र संच) खालच्या आर्मच्या अधेमध्ये बसतो, म्हणून स्ट्रटच्या माथ्यावरचा २० मिमीचा स्पेसर चाकापाशी दीड ते दोनपट उंची देतो. ४० चा टाकला तर चाकाला ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा कोन बिघडतो, रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर आणि माती आत.

जिम्नीचं दुखणं निराळं. अखंड अ‍ॅक्सलवरची बॉडी उचलली की तो थोडा पुढे फिरतो आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या धुरीचा मागचा कल) कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, ८०-९० वर गाडी तरंगल्यासारखी वाटते. ४० मिमीच्या पुढे ऑफसेट कॅस्टर बुश (कॅस्टर परत आणणारे सांध्यातले रबर) लागतातच. अ‍ॅक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, तिथे अ‍ॅडजस्टेबल रॉड. स्टिअरिंग व्हील वाकडं बसतं. ते स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या ड्रॅग लिंकची लांबी जुळवून सरळ करायचं. स्टिअरिंगचं चाक काढून दांड्याच्या दात्यांवर (स्प्लाइनवर) फिरवून बसवणारा मेकॅनिक दिसला तर थांबवा. स्टिअरिंगच्या सेन्सरला वाटतं गाडी सतत वळतेय आणि गाडी घसरू न देणारं ईएसपी भलत्या वेळी ब्रेक लावतं. ब्रेक होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लोंबलेलं असताना ताणली जात नाही ना, तेही बघा.

बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. आर्म आणि रॉडच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असतानाच करकचून आवळले जातात. गाडी खाली आली की ते रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून हलवा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

काम सुरू करण्याआधी टाकी भरून, सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापं लिहून ठेवा. नवी स्प्रिंग पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ५ ते १० मिमी बसते, म्हणून अलाइनमेंट दोनदा: लगेच आणि हजारानंतर. चाकाचे नट ५० ते १०० किमीवर पुन्हा आवळा. हेडलाइट खाली करा. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारणाऱ्या गाड्या आपल्याकडे आधीच पुरेशा आहेत.

हवेसाठी दाराच्या स्टिकरवरचा आकडा आता फक्त सुरुवातीला धरायचा. टायरवर आडवी खडूची रेघ मारा, सपाट रस्त्यावर शंभर मीटर सरळ चालवा. मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. मुरूम-चिखलात १८ ते २० पीएसआय, डांबरावर येताच पुन्हा भरायची, त्यामुळे छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच.

कागदपत्रांचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध केलेले बदल चालणार नाहीत, असं म्हटलं आहे. आपल्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनीने दिलेला साइज घेतलात तर वाद घालायची पाळी सहसा येत नाही. लिफ्ट करणार असाल तर सस्पेन्शनची वॉरंटी गेली असं धरून चाला. विमा कंपनीला आधी लेखी कळवा, त्यांचं उत्तर हातात पडल्यावरच गाडी गॅरेजला लावा, आणि मूळ स्प्रिंग-शॉक भंगारात न देता माळ्यावर ठेवा.