ब्रँडेड प्रिन्सेस कट हिरा घेतला, पण कट चांगला आहे हे सिद्ध करायला कोणी तयार नव्हतं – माझा अनुभव

आधीच सांगते, हिरा मिळाला आणि फार सुंदर मिळाला, पण मधे जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. ब्रँड, कॅरट, कलर, क्लॅरिटी हे सगळं पटापट ठरलं. अडलं ते कटपाशी, म्हणजे पैलू किती नीट पाडलेत त्यापाशी.

गोल हिऱ्याला जीआयए (हिरे तपासून रिपोर्ट देणारी लॅब) २००६ पासून कट ग्रेड देते, प्रिन्सेसला, म्हणजे टोकदार कोपऱ्यांच्या चौकोनी हिऱ्याला, देत नाही. रिपोर्टवर 'स्क्वेअर मॉडिफाइड ब्रिलियंट' असं लिहिलेलं असतं, मापं असतात, पॉलिश आणि सिमेट्री असते, बस. आता पॉलिश म्हणजे पैलू किती गुळगुळीत आणि सिमेट्री म्हणजे ते एकमेकांशी किती जुळतात. प्रकाश आत जाऊन परत डोळ्याकडे येतो की खालून निसटून जातो, हे त्यात कुठेच नाही. दोन्हीकडे एक्सलंट असलेला हिरासुद्धा निस्तेज दिसू शकतो.

मी शोरूममध्ये एवढंच विचारलं की तुमच्या ब्रँडच्या कार्डवर 'आयडियल कट' छापलंय ते कोणी आणि कसं मोजलं? उत्तर आलं, "मॅडम, आमचे सगळे हिरे आयडियलच असतात." मग रिपोर्टवर बोट ठेवून "हे बघा ना, एक्सलंट लिहिलंय", आणि बोट पॉलिशवर! मी सांगितलं की हे पॉलिश आहे, कट नाही, तर मॅनेजरना बोलावलं, त्यांनीही तेच कार्ड पुढे केलं. मी म्हटलं मला त्या हिऱ्याची असेट इमेज द्या, म्हणजे हिऱ्यातून प्रकाश कसा परत येतो ते रंगांत दाखवणारा फोटो. त्यांना ते माहीतच नव्हतं, किंवा माहीत असून द्यायचं नव्हतं. हेड ऑफिसला मेल करा म्हणाले. मेल केला, तर उत्तरात ब्रोशर आलं. परत मेल केला, परत तेच ब्रोशर, आणि मधल्या काळात शोरूममधून फोन चालूच, की मॅडम बुकिंग कधी करताय, पीस जाईल हातचा. एवढे पैसे घेणाऱ्या ब्रँडला आपल्याच हिऱ्याचा एक फोटो देता येत नाही याचा मला खरंच संताप आला. शेवटी स्पष्ट लिहिलं की फोटोशिवाय एक पैसाही भरणार नाही. मग मात्र लगेच आला. म्हणजे त्यांच्याकडे होता!

असेट इमेजमध्ये लाल म्हणजे वरच्या बाजूने येणारा जोरदार प्रकाश परत मिळतोय, हिरवा म्हणजे आडव्या कोनातला कमी तीव्र प्रकाश, निळा म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्याची सावली, ती सारखी विभागलेली असली की छान कॉन्ट्रास्ट येतो. पांढरं किंवा काळं (मागची बाजू उजेडात की बंद त्यावर) म्हणजे गळती. प्रिन्सेसमध्ये कोपऱ्यांत थोडी गळती चालते, पण त्यांनी आधी दाखवलेल्या हिऱ्यात ऐन मध्यभागी मोठी गळती होती, आणि कार्ड 'आयडियल'चंच! त्याच ब्रँडचा दुसरा मागवला, त्याचाही फोटो आधी घेतला, तो भरभरून लाल. दोन्ही स्पॉटलाइटपासून लांब, खिडकीच्या साध्या उजेडात शेजारी ठेवले तेव्हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसला. शोरूमच्या दिव्यांखाली सगळेच चमकतात, त्यावर जाऊ नका.

एजीएस लॅब पूर्वी प्रिन्सेसला खरी कट ग्रेड द्यायची, शून्य म्हणजे सर्वोत्तम. ती २०२२ च्या शेवटी बंद झाली, आता जीआयए वेगळा एजीएस आयडियल रिपोर्ट देते. तो असेल तर इतकं भांडावं लागणार नाही, आधी तोच मागा.

आकड्यांचं राहिलंच. डेप्थ (रुंदीच्या तुलनेत खोली) साधारण ६५ ते ७५ टक्के बघा, टेबल (वरचा सपाट पैलू) टक्क्यांत डेप्थपेक्षा मोठं असेल तर मी पुढे बघतच नाही. पण आकडे फक्त वाईट हिरे बाजूला काढायला, चांगला निवडायला नाहीत, कारण खालच्या पैलूंचे कोन आणि शेवरॉनची (खालच्या व्ही आकाराच्या पैलूंची) रचना रिपोर्टवर येतच नाही. आणि १ कॅरटचा प्रिन्सेस वरून साधारण साडेपाच मिलिमीटर दिसतो, बराच लहान दिसत असेल तर वजन खाली पोटात गेलंय.

चौकोन हवा असेल तर लांबी-रुंदीचं प्रमाण १.०५ च्या आत ठेवा. कोपरे टोकदार असल्याने पटकन टवका उडतो, म्हणून व्ही आकाराचे प्रॉन्ग (हिरा धरून ठेवणारे धातूचे आकडे) सांगा, आणि सेटिंगला देण्याआधी लूपखाली (छोट्या भिंगाखाली) चारही कोपरे आणि गर्डलवरचा (हिऱ्याच्या कडेवरचा) लेझर नंबर स्वतः बघून घ्या, नंतर कोपरे प्रॉन्गखाली झाकले जातात.