गोव्यातले घरगुती कंपोस्ट: आधी पातेऱ्याची बेगमी

परसात किंवा गच्चीवर नव्याने भाजी लावणारी मंडळी कंपोस्टविषयी विचारू लागतात ती बहुधा जुलै महिन्यात. तेव्हा त्यांच्या हाताशी भाजीचे देठ, केळीच्या साली, चहाचा चोथा असे ओले साहित्य भरपूर असते, पण कोरडे पान औषधालाही सापडत नाही. माझे मत असे की, गोव्यात कंपोस्टची तयारी ड्रम विकत आणण्यापासून नव्हे, तर फेब्रुवारी ते मे या काळात अंगणात पडणारा पातेरा, म्हणजे वाळलेली पाने, साठवण्यापासून सुरू होते. नेमक्या याच दिवसांत घरोघरी काजू, फणस, आंबा यांची पाने झाडून संध्याकाळी पेटवून दिली जातात, आणि पुढे पावसाळ्यात जे हवे असते त्याचा धूर होतो.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्राच्या एका भागामागे कार्बनचे साधारण २५ ते ३० भाग लागतात. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त असते, तर वाळलेल्या पानांत कार्बन जास्त असतो. वजनकाट्याची गरज नाही. एक भांडे ओल्या कचऱ्यावर दोन ते तीन भांडी चुरलेला पातेरा, एवढा अंदाज घरच्या कामाला पुरतो. पातेरा नुसता कार्बन देत नाही, तो जादा पाणी शोषतो आणि ढिगात हवा खेळती ठेवतो. आपल्याकडे वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो; अशा ठिकाणी ही हवाच सगळ्यांत महाग असते.

म्हणूनच पुस्तकातला खड्डा गोव्यात पावसाळ्यापुरता तरी विसरावा. जांभ्याच्या जमिनीत खणलेला खड्डा बाहेरून कितीही निचऱ्याचा वाटला, तरी संततधारेत तो भरतो, आतली हवा संपते आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला जी कंपोस्टची पद्धत बसवली, तिच्यातही पावसाळ्यात खड्डे सोडून जमिनीवर ढीग रचण्याची सूचना होती, आणि इंदूरचा पाऊस आपल्या पावसाच्या मानाने फारच थोडा.

घरासाठी ५० ते ६० लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिकचा ड्रम पुरेसा होतो. त्याच्या बाजूंना आणि तळाला बोटाएवढी भोके पाडावीत, तो दोन चिऱ्यांवर उचलून ठेवावा आणि पागोळीचे पाणी पडणार नाही अशा पडवीत किंवा छपराखाली असावा. तळाशी नारळाच्या सोडणांचे तुकडे वीतभर घालावेत. ते लवकर कुजत नाहीत, आणि इथे तोच त्यांचा गुण आहे, कारण निचऱ्याचा थर म्हणून ते कितीतरी महिने टिकतात. त्यावर पातेरा, मग बारीक चिरलेला ओला कचरा, पुन्हा पातेरा. सर्वांत वरचा थर नेहमी कोरडाच असावा. चिलटांवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. सुरुवातीला ओंजळभर जुने कंपोस्ट किंवा शेण मिसळले की काम लवकर सुरू होते, विकतच्या पावडरीची गरज पडत नाही.

पाने सगळी सारखी नसतात. काजूचे, फणसाचे आणि आंब्याचे पान चिवट असते, त्यामुळे ते चुरल्याशिवाय घातले तर सहा महिन्यांनीही जसेच्या तसे हाती येते. पोत्यात भरून कडक उन्हात वाळवावे आणि पोते पायाखाली तुडवावे, म्हणजे साठवणीची जागाही निम्मी लागते. गुलमोहराची बारीक पाने लवकर मुरतात. माडाची चुडते मात्र घरच्या ड्रमात घालू नयेत. भुसा चालतो, पण तो साध्या लाकडाचा हवा, प्लायवूडचा नको.

मासळीचा कचरा हा आपल्याकडचा खास प्रश्न. नवख्यांनी माशांची डोकी, कोलंबीची साले आणि शिजवलेले अन्न ड्रममध्ये घालू नये, असे मी स्पष्टच सांगतो. ते कुजत नाही असे नव्हे, पण वासाने मांजरे, उंदीर आणि उंदरांच्या मागून सापही येतात. माड असेल तर त्याच्या आळ्यात दीड फूट खोल पुरावे. ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. तिसऱ्यांचे शिंपले कुजत नाहीत, मात्र कुटून मातीत घातले तर आपल्या आम्लधर्मी तांबड्या मातीला सावकाश चुना मिळतो. कोकमाच्या सोलांचे खारट पाणी आणि लोणच्याचा खार मात्र कशातच घालू नये.

चतुर्थीत ड्रमवर सर्वाधिक ताण येतो. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या मांडवीची, फळे, पत्री, फुले असा ओला ऐवज एकदम हाती येतो, तोही ऐन ओल्या दिवसांत. माटोळी बांधायचे केवणीच्या सालीचे दोर कापून घालता येतात, प्लॅस्टिकची सुतळी आणि चमकी आधी निवडून काढावी लागते. सगळे एकाच दिवशी कोंबण्यापेक्षा निर्माल्य पडवीत पसरून सुकू द्यावे आणि आठवडाभर थोडे थोडे घालावे.

देखभाल म्हणजे आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करणे आणि मूठभर मिश्रण दाबून पाहणे. एखाददुसरा थेंब निघाला तर ओल योग्य, धार लागली तर पातेरा वाढवावा. अमोनियासारखा उग्र वास आला तरी उपाय तोच. करड्या, जाड, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की पुष्कळ जण ड्रमच टाकून देतात. त्या बहुधा काळ्या सैनिकी माशीच्या असतात, ओला कचरा झपाट्याने फस्त करतात आणि त्यांच्या माश्या घरमाशीसारख्या आपल्या ताटाभोवती घोंगावत नाहीत. त्यांना राहू द्यावे.

साधारण तीन महिन्यांत खालचा भाग काळसर, भुसभुशीत आणि पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचा होतो. तो चाळून घ्यावा आणि न कुजलेले तुकडे विरजण म्हणून पुढच्या ड्रममध्ये टाकावेत. नुसत्या कंपोस्टमध्ये रोप लावू नये. दोन भाग मातीला एक भाग कंपोस्ट पुरते. उन्हाळ्यात भरलेला ड्रम आषाढ-श्रावणातल्या भेंडीच्या आणि दोडक्याच्या कामी येतो, तर पावसाळ्यात भरलेला ऑक्टोबरअखेर रिकामा होतो, जेव्हा तांबड्या भाजीचे, म्हणजे लाल माठाचे, वाफे करायचे असतात. तिचे बी फारच बारीक असते, म्हणून त्या वाफ्यासाठी कंपोस्ट दोनदा चाळावे.