आमची वाटचाल : कर्वे रस्त्यावरील दोन खोल्यांची प्रयोगशाळा

बारा वर्षांपूर्वी डीएनएच्या प्रती काढणारे एक जुने पीसीआर यंत्र आणि बँकेचे कर्ज यांच्या बळावर आम्ही पुण्यात जनुकीय प्रयोगशाळा थाटली, तेव्हा थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासण्यांतून जेमतेम भाडे निघत असे. पुढे मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांच्या, डीएनएचे काम येऊ लागले. १६,५६९ अक्षरांचा आणि अवघ्या ३७ जनुकांचा हा डीएनए मुलांना आईकडूनच मिळतो, आणि नेमक्या याच गोष्टीने आम्हाला अडचणीत आणले.

एका कुटुंबात मामांना स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार होता आणि आता भाच्याला झाला होता. ‘हे आईकडूनच आले, एवढे लिहून द्या,’ असा आग्रह मुलाचे काका धरून बसले होते; आई मात्र पर्सची चेन उघडत होती, लावत होती. शंका अगदीच अनाठायी नव्हती, कारण बहीणभावांचा हा डीएनए एकाच आईचा असतो. परंतु मायटोकॉन्ड्रियाला लागणाऱ्या हजारावर प्रथिनांपैकी फक्त तेरा प्रथिने बनवण्याची कृती त्यात असते. बाकीची पेशीकेंद्रातल्या, म्हणजे दोन्ही पालकांकडून आलेल्या जनुकांत असते. शिवाय स्किझोफ्रेनिया असलेल्या वडिलांच्या मुलांनाही या आजाराचा धोका वाढतो. २०२२ च्या मोठ्या जागतिक अभ्यासात या आजाराशी निगडित २८७ जागा सापडल्या, त्याही पेशीकेंद्रातल्या जनुकसंचात. आम्ही तसे लिहून दिले नाही.

त्याच सुमारास एका वितरकाने ‘आईकडून येणारा मानसिक आजार’ असे पॅकेज विकण्याचा प्रस्ताव आणला. कर्जाचा हप्ता थकलेला असताना तो नाकारणे सोपे नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या तपासणीला अर्थ असतो तो वेगळ्या घरांत. आईच्या बाजूला मधुमेह, बहिरेपण, कमी वयात पक्षाघातासारखे झटके असतील आणि रुग्णाला भासही होत असतील, तर या डीएनएतल्या ३२४३ क्रमांकाच्या जागेवरचा बदल आम्ही शोधतो. रक्तातले त्याचे प्रमाण वयानुसार घटत असल्यामुळे रक्ताच्या जांभळ्या झाकणाच्या नळीसोबत लघवीची बाटलीही मागतो, आणि ती का, हे काउंटरवर रोज समजवावे लागते. निदान पक्के झाले की उपचारही बदलतात. काही मायटोकॉन्ड्रियल आजारांत व्हॅल्प्रोएट या फिट्सवरच्या औषधाने यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

आता नमुना घेण्यापूर्वी वंशावळ काढतो, आणि त्यात वडिलांची बाजू कोरी असेल तर अर्ज परत करतो.